अंगठीतून जाणारी शाल

शाहतूसचे कौतुक दुकानदार अंगठीने करीत असत. बोटातील अंगठी काढावयाची, तिच्यातून सबंध शाल ओढून दाखवावयाची, की गिऱ्हाईक गार! शालीबरोबर त्याच अंगठीतून तीन ते पाच जनावरेही ओढली जातात, हे सांगण्याची पद्धत नव्हती.

ही जनावरे म्हणजे तिबेटच्या पठारावरील चिरू. दिसावयाला हरणासारखे. चौदा-पंधरा हजार फुटांवरच्या थंडीत जगता यावे म्हणून त्याच्या राठ केसांखाली अतिसूक्ष्म लोकर असते. तिचा तंतू माणसाच्या केसाच्या सहाव्या हिश्शाइतका बारीक. एका चिरूपासून ती सव्वाशे-दीडशे ग्रॅम मिळते. मेंढी कातरून घेते, कारण ती माणसाच्या नोकरीत आहे. चिरू रानटी. त्याची लोकर काढण्याची रीत एकच: आधी गोळी, मग कातडी, मग लोकर. कामगारांची कातडी सोलणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले. पण ते निदान लाक्षणिक अर्थाने.

दुकानदार मात्र निराळी कथा सांगत. वसंतात चिरू झुडुपांना अंग घासतो, लोकर काट्यांवर राहते आणि गरीब लोक ती वेचून आणतात! माल स्वतःच तोडून, टांगून ठेवणारा इतका समजूतदार पशू आमच्या ऐकिवात नाही. अडचण एवढीच, की त्या उजाड पठारावर झुडुपेच जवळजवळ नाहीत. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी तेथे हिंडून खरा प्रकार जगापुढे मांडला.

माद्या उन्हाळ्यात विण्यासाठी ठरावीक जागी हजारोंनी जमतात. चोरटे शिकारी रात्री मोटारींच्या दिव्यांच्या झोतात त्यांना टिपीत. विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे दहा लाख असलेले चिरू १९९० नंतरच्या काही वर्षांत पाऊण लाखाच्या आसपास आले. शिकाऱ्यांना रोखणारे तिबेटी अधिकारी सोनम दारग्ये जानेवारी १९९४ मध्ये गोळीबारात मारले गेले. त्याच साली न्यूयॉर्कमध्ये या शालींची विक्री झाली. कशासाठी? कर्करोग्यांच्या मदतीसाठी! भूतदया अशी एका प्राण्याकडून काढून दुसऱ्याला देता येते.

आंतरराष्ट्रीय व्यापाराला १९७९ सालीच बंदी झाली होती. काश्मीरच्या कायद्याने चिरूला पूर्ण संरक्षण दिले ते २००२ साली. श्रीनगरात राठ केस निवडणाऱ्या व सूत कातणाऱ्या बाया, विणकर, रफूगार अशा हजारोंचे पोट यावर होते. शाल हजारो डॉलरला जाई. त्यातला किती वाटा कातणारीच्या पदरात पडे, हे गिरणगावाला समजावून सांगावयास नको. बंदी योग्यच होती. परंतु शिकार करणारा एक, नफा खाणारा दुसरा आणि बेकार झाली ती कातणारी. तिच्या बोटांना पश्मिन्याचे काम येते. ती लोकर लडाखच्या पाळीव शेळीला विंचरून मिळते आणि शेळी जिवंत राहते. पण तेथे यंत्राचे सूत हातकताईच्या नावावर खपते आणि हातकताईची मजुरी पडते.

चिरूंची संख्या आता पुन्हा लाखांवर गेली आहे. चोरटी शाल अजून अधूनमधून विमानतळावर पकडली जाते. पश्मिना व शाहतूस यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली चिरूचा एखादा राठ केस शोधतात. निवडणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटलेला तो केस, हाच खटल्यातला मुख्य साक्षीदार.