शिवाजीनगरची एसटी आणि वडगाव रासाईचा प्रवासी

पुण्याचा मध्यभाग वाढतो आहे. जमिनीखालून मेट्रो धावते, नवे पूल उभे राहतात आणि दरवर्षी एखादा नवा वाहतूक आराखडा सादर होतो. या आराखड्यांत मोटारवाला दिसतो, मेट्रोवाला दिसतो. पहाटे पिशवी घेऊन खेड्यातून निघालेला आमचा माणूस मात्र कोठेच दिसत नाही.

वडगाव रासाईचेच घ्या. भीमेच्या काठावरचे हे गाव शिरूर तालुक्याच्या कडेला आहे, नदी ओलांडली की दौंड तालुका. येथून पुण्याला जायचे तर आधी नगर रस्ता गाठावा लागतो. ज्याच्या दारात मोटारसायकल आहे तो निघून जातो. ज्याच्याकडे ती नाही तो एसटीची वाट बघतो किंवा जीपमध्ये कोंबून घेतो. वस्तीतल्या किती घरांसमोर गाडी उभी असते, हे वाचकांना सांगायला नको.

आता हा माणूस पुण्यात उतरतो कोठे, ते पाहू. नगर रस्त्याच्या गाड्या पूर्वी शिवाजीनगर स्टँडवर येत. तेथून न्यायालय, जिल्हाधिकारी कचेरी, कॉलेजे सारे जवळ. ३१ डिसेंबर २०१९ पासून मेट्रोच्या कामासाठी हे स्टँड वाकडेवाडीला हलवले गेले. तात्पुरते, असे सांगण्यात आले. शिवाजीनगरची मेट्रो १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाली. एसटी मात्र २०२५ उजाडले तरी वाकडेवाडीतच होती. मेट्रोचे झाले आणि एसटीचे राहिले, हा काही योगायोग नव्हे! कोणाचा वेळ मौल्यवान मानायचा, याचा तो निर्णय आहे. वाकडेवाडीला उतरून पुन्हा रिक्षा करणाऱ्याला ते भाडे म्हणजे मजुरीतून कापलेले पैसे आहेत.

नगर रस्त्यावर २०१६ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्ग सुरू झाला होता. काही वर्षांतच तो उखडायला घेतला गेला. कारण काय, तर वाहनांची कोंडी होते. एका बसमध्ये पन्नास माणसे आणि एका मोटारीत एक माणूस, तरीही कोंडीचा दोष बसच्या माथी. हे गणित मांडणारे बसने येत नाहीत, एवढेच.

प्रवासाचा प्रश्न आपल्यासाठी केवळ सोयीचा नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्याने त्यांना नेण्यास नकार दिला. महारवाड्यातल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि त्यांच्यातलाच एकजण, ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता, तो पुढे बसला. मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसाला पैसे देऊनही वाहन मिळत नव्हते. या पार्श्वभूमीवर १ जून १९४८ कडे पाहावे. त्या दिवशी सरकारी मालकीची पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली, म्हणजे याच नगर रस्त्यावरून, कोरेगाव भीमा आणि शिरूरवरून. ज्याने तिकीट काढले त्याला शेजारच्या बाकावर बसण्याचा हक्क मिळाला. कंडक्टरने जात विचारायची नाही. एसटीने जात संपवली असे कोणी म्हणणार नाही, पण टांगेवाल्याची मिजास तिने नक्कीच मोडली. म्हणून ही सार्वजनिक गाडी आखडत गेली आणि जागा खासगी जीपवाल्याने घेतली, तर आपले काय जाते हे आपण ओळखले पाहिजे.

नियोजन जमत नाही, ही सबब तर आमच्यासमोर सांगूच नये. १ जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो अनुयायी येतात. अलीकडच्या वर्षांत प्रशासन लोणीकंद आणि शिक्रापूर बाजूला वाहनतळ करून तेथून शेकडो बस सोडते. पाणी, फिरती शौचालये, दिशादर्शक फलक, सारे होते. बंदोबस्ताची धास्ती असली की एका दिवसात जे जमते, ते उरलेल्या ३६४ दिवसांत त्याच रस्त्यावर का जमू नये? शिक्रापूर हे गावांकडच्या एसटी आणि शहराच्या बस यांचे जोडस्थानक करा. शेवटची शहरबस पोचल्यावर दहा मिनिटांनी न्हावरे, मांडवगणकडची गाडी सुटेल असे वेळापत्रक बांधा. यासाठी नवा पूल लागत नाही. दोन कार्यालयांनी एकत्र बसायला लागते, आणि आपल्याकडे तेच सर्वांत अवघड असते!

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले. चांगलेच झाले. पण संध्याकाळची गाडीच आली नाही तर निम्मे कशाचे? बारावीनंतर मुलीला पुण्याच्या कॉलेजात घालायचे की नाही, हा निर्णय पुष्कळ घरांत फीवर नव्हे, परतीच्या गाडीवर ठरतो. अंधार पडल्यावर पोर फाट्यावर एकटी उभी राहणार असेल तर बाप तिचे नाव काढून घेतो.

शिवाजीनगरला पुन्हा स्टँड बांधायचे आहे. वर व्यापारी गाळे, कार्यालये येणार. येऊ द्यात. पण आधी फलाट, महिलांची स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि मुक्कामी प्रवाशांसाठी निवारा बांधून गाड्या सुरू करा, गाळ्यांचे लिलाव नंतर करा. शिरूर तालुक्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनीही हे काम हाती घ्यावे. वडगाव रासाई, मांडवगण, न्हावरे येथे किती गाड्या येतात, किती वेळेवर येतात आणि शेवटची कधी येते, याची महिनाभर वहीत नोंद ठेवावी. ती वही घेऊन शिरूर आगारात आणि मग जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे.