विंझणा, पंखा आणि ‘ओगी’

‘विंझणा’ हा शब्द पदव्युत्तर वर्गात उच्चारला असता बहुतेक विद्यार्थी त्याचा अर्थ केवळ संदर्भावरून ताडतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. संस्कृत ‘व्यजन’ शब्दाशी त्याचे नाते असून त्याच्या मुळाशी वारा घालण्याची क्रिया आहे. ‘पंखा’ हा शब्द मात्र पंखावरून, म्हणजे वस्तूच्या रूपावरून आलेला. जपानीतही असेच दुहेरी नाते आढळते. घडीच्या पंख्यास तेथे ‘ओगी’ म्हणतात आणि ते नाम वारा घालणे या अर्थाच्या क्रियापदाशी निगडित आहे. परंतु ते ज्या चिनी चिन्हाने लिहितात, त्याच्या पोटात पिसांचे चिन्ह दडलेले आहे.

या ओगीची घडण विलक्षण नाजूक असते. क्योतो येथे एक पंखा सत्याऐंशी वेळा कारागिरांच्या हातांखालून जातो, असे परंपरेने म्हणतात. एका पातळ कागदाच्या दोन्ही अंगांस दुसरे कागद चिकटवितात. सुकल्यावर त्यांच्या घड्या पाडल्या की मधला पातळ कागद बांबूच्या चपट्या काडीने उकलून पोकळ्या करतात, त्यांत तोंडाने फुंकर मारतात आणि खळ लावलेल्या बांबूच्या काड्या सारतात. दोन्ही कडांच्या जाड काड्यांस उष्णतेने आतल्या बाजूस बाक देतात. त्यामुळे मिटलेला पंखा घट्ट राहतो. काड्या जेथे एकत्र येतात त्या खिळीस ‘कानामे’ म्हणतात. ‘खेकड्याचा डोळा’ अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात, आणि आज ‘एखाद्या गोष्टीचे मर्म’ या अर्थीही तो सर्रास वापरला जातो. कारागिराची संज्ञा अशी सर्वांच्या बोलण्यात उतरली.

आपल्याकडे सावंतवाडीचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. १९०८ च्या ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्ये त्या संस्थानच्या उद्योगांत वाळ्याचे पंखे, टोपल्या व पेट्या नमूद असून त्यांवर जर आणि भुंग्यांचे पंख लावीत, असे म्हटले आहे. (पंख्यास पुन्हा पंख!) वाळा म्हणजे एका गवताची मुळे. ती भिजविली की पाण्याच्या बाष्पीभवनाने वारा गार होतो व सुगंधही येतो. कोरड्या कागदास हे साधत नाही. उलट कागद घडी सोसतो, मुळांचे विणकाम सोसत नाही.

तथापि ओगीच्या खिळीचे नाव आपणास जपानी कोशात सहज सापडते. वाळ्याच्या पंख्याची मूठ, काठ, विणीचा टाका यांना सावंतवाडीचा कारागीर काय म्हणे, ते कोशात शोधू लागले की हाती फारसे काही लागत नाही. आमच्या कोशकारांनी पोथ्या चाळल्या, कारखाने क्वचितच. असे शब्द टिपावयाचे तर कारागिराच्या शेजारी बसूनच टिपावे लागतील, आणि प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यास हे काम अजून मोकळे आहे. काशीमिऱ्यास आमच्या घरी वीज गेली की हाती येईल त्या पुठ्ठ्याने वारा घेतात. त्या पुठ्ठ्यास कोणी विंझणा म्हणत नाही. पंखाही म्हणत नाही.