पालेभाजीला हवी लिंबाची जोड

भाईंदर : चर्चगेटहून परतताना लोकलच्या महिला डब्यातच अनेकींची मेथी निवडून होते. मात्र या भाजीतील लोह अंगी कितपत लागते, हा प्रश्न उरतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. पालेभाजीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. 'क' जीवनसत्त्वाने ते शोषण वाढते. त्यामुळे भाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवताना पेरूच्या फोडी घ्याव्यात. पेरूत हे जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते. उष्णतेने ते नष्ट होत असल्याने लिंबू भाजी उतरवल्यावरच पिळावे. जेवणानंतरचा चहाही तासभर लांबवावा, कारण त्यातील टॅनिन लोह अडवते. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत.