पुसलं म्हणजे गेलं का?

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत एखादी अडगळीची खोली आहे ना? मोडके बाक, फाटके नकाशे, गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे मुकुट असं सगळं तिथं सुखानं नांदत असतं. आमच्याही शाळेत अशी खोली आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही ती आवरायला घेतली आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेले दोन जुने कॉम्प्युटर सापडले.

"बाई, भंगारवाल्या काकांना देऊन टाकू या. त्या पैशांत बॉल येईल!" चौथीतला एक मुलगा म्हणाला.

मलाही ते पटलं. पण सहज एक कॉम्प्युटर लावून पाहिला, तर तो चक्क सुरू झाला! आत काय असावं? मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे फोन नंबर, सहलीचे फोटो. 'त्यात काय, डिलीट केलं की झालं,' असं म्हणत मी सगळं पुसून टाकलं. खात्रीसाठी कॉम्प्युटर शिकणाऱ्या माझ्या भाच्याला बोलावलं. त्यानं एक साधासा प्रोग्राम चालवला आणि थोड्याच वेळात बऱ्याचशा फाइली परत हजर! मी तर गारच पडले. पालकांनी ही माहिती शाळेवर विश्वास ठेवून दिली होती. ती कुणा लबाडाच्या हाती लागली असती तर?

असं का होतं, ठाऊक आहे? पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडलं, तर धडा जातो का? नाही ना! पानं उलटली की तो सापडतोच. हार्ड डिस्कचंही तसंच. डिलीट केल्यावर बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिकेतलं नाव जातं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी माहिती तशीच राहते. म्हणून भाच्यानं त्या डिस्कवर सगळीकडे नुसती शून्यं लिहून काढली. दुसरा कॉम्प्युटर सुरूच होईना. त्याची डिस्क बाहेर काढून शिपाईकाकांनी ड्रिलनं तिला आरपार भोकं पाडली. (हे काम मोठ्यांचंच, बरं का!)

आता तरी भंगारात द्यायचे का? थांबा! जुन्या, पाठीमागे पोट असलेल्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. हे दोन्ही विषारी, आणि शिसं तर लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. भंगारातली माणसं कष्टाळू असतात, पण त्यांच्याकडे यासाठी लागणारी यंत्रं नसतात. तांब्यासाठी वायरी जाळल्या, सोन्यासाठी सर्किटवर ॲसिड ओतलं, की विषारी धूर त्यांच्याच छातीत जातो. म्हणजे आपण टाकलं, तरी विष संपलं नाही. ते फक्त दुसऱ्याच्या दारात गेलं!

सोन्यासाठी? हो, खरंखुरं सोनं! २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकची पदकं आठवतात? २०१७ ते २०१९ या काळात जपानमधल्या लोकांनी जुनी उपकरणं जमा केली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल होते. सगळ्यांतून मिळून ३२ किलो सोनं निघालं आणि जवळजवळ ५००० पदकं घडली. नीरज चोप्राचं सुवर्णपदकही त्यांतलंच. आहे ना गंमत?

आपल्याकडेही ई-कचऱ्यासाठी नियम आहेत. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार असा कचरा सरकारकडे नोंदणी असलेल्या कारखान्याकडेच गेला पाहिजे. आमच्या मुख्याध्यापकांनी आधी रजिस्टरमध्ये निर्लेखनाची नोंद केली, अशाच एका कारखान्याची गाडी बोलावली आणि पावती घेऊन फाइलला लावली. बॉल मात्र मीच घेऊन दिला!

आता तुमची पाळी. घरातला चार्जर उलटा करून बघा. चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र दिसतंय? म्हणजे ही वस्तू साध्या कचऱ्यात टाकायची नाही. जुना मोबाइल देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढलं का, मोबाइल 'रीसेट' केला का, हे आईबाबांना विचारा. फुगलेल्या बॅटरीला टोचू नका, ठोकू नका, ती पेट घेऊ शकते. लगेच मोठ्यांना सांगा.

आणि हो, तुमच्या शाळेतल्या अडगळीच्या खोलीत काय आहे, ते उद्याच बाईंना किंवा सरांना विचारा. विचाराल ना?