परमुलखातील आईबाप आणि त्यांची लेकरे

दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत बोलत आहेत, आईला त्यातले अक्षरही कळत नाही, आणि दहा वर्षांचे लेकरू दोघांच्या मध्ये उभे राहून आईचेच दुखणे आईला समजावून देत आहे! मेक्सिको व इतर स्पॅनिशभाषी देशांतून अमेरिकेत गेलेल्या अनेक कुटुंबांत हे दृश्य नित्याचे आहे. लेकराचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु ज्या बापाला सरकारी कागद मुलाकडून वाचवून घ्यावा लागतो, त्या बापाचा शब्द घरात कसा चालावा?

हे लोक आपल्याहून फारसे निराळे नाहीत. ‘एदुकासिऑन’ या त्यांच्या शब्दात शाळेतील शिक्षण येतेच, परंतु आपण ज्याला ‘वळण’ म्हणतो तेही त्यात येते. मुलाच्या धर्मपित्याला ते ‘कोंपाद्रे’ म्हणतात. गोव्याकडील आमच्या वाचकांना आपला ‘कुंपार’ येथे सहज ओळखू येईल. मात्र देश सोडताना कुंपार व आजी बहुधा मागेच राहतात, आणि मूल हट्टाला पेटले तर कोणाचा सल्ला घ्यावा हे आईला उमजत नाही.

ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन, मॅरियन फोरगॅच व त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबापांसाठी एक शिक्षणक्रम तयार केला होता. चांगल्या वर्तनाला उत्तेजन द्यावे, मारझोड न करता मर्यादा घालाव्यात, मुलांवर लक्ष ठेवावे, अडचणी एकत्र बसून सोडवाव्यात, हे त्याचे सार होय. मेलानी डोमेनेक रोद्रीगेस या विदुषीने तो स्पॅनिशभाषी घरांना साजेल असा घडविला. त्याचे नावच ‘प्रेमाने संगोपन’ या अर्थाचे ठेवले गेले.

एवढ्याने पुरे होते काय? रुबेन पारा-कार्दोना व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०३ कुटुंबांतील १९० आईबापांवर याची कसोटी घेतली व २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट पाडण्यात आले. पहिल्या गटाला हा स्पॅनिश शिक्षणक्रम मिळाला. दुसऱ्याला तोच मिळाला, परंतु शिवाय आईबापांनी स्वतःच महत्त्वाच्या म्हणून सांगितलेल्या गोष्टींवर, म्हणजे परदेशवासाचे हाल आणि दोन संस्कृतींत मूल वाढविताना होणारी ओढाताण यांवर, खास बैठका झाल्या. तिसरा गट तूर्त थांबविण्यात आला. सहा महिन्यांनी पाहता पहिल्या दोन्ही गटांतील आईबापांचे संगोपनकौशल्य तिसऱ्याच्या मानाने सुधारले होते. परंतु मुलांच्या मनातील भीती व उदासी कमी झाल्याचे आईबापांना जाणवले, ते दुसऱ्या गटात. मुलांचे उर्मट वर्तन एकंदरीत कोणत्याच गटात फारसे बदलले नाही; दुसऱ्या गटातील बापांना मात्र त्यातही उतार दिसला.

आम्हाला यातील मर्म असे वाटते: उपदेश परक्याच्या भाषेतून आपल्या भाषेत आणला, म्हणजे काम संपले असे नव्हे. ज्याला उपदेश करावयाचा त्याचे दुःख आधी ऐकून घ्यावे लागते. बापाला कोणी मानाने विचारले, की त्याचे ओझे हलके होते. आणि बापाचे ओझे हलके झाले, की लेकराच्या जिवाचा घोर कमी होतो.

ज्या वाचकांचे लेक-जावई परमुलखात संसार करीत आहेत, त्यांना आमची एवढीच विनंती: पुढील पत्रात नातवंडांच्या अभ्यासाची चौकशी करण्यापूर्वी, “तुम्हां दोघांना तेथे कसे वाटते?” एवढे अवश्य विचारा.