पालथं घातल्यावर दिसणारं चित्र

जेगर-लकूल्त्र कंपनीचं ‘रिव्हर्सो’ हे आयताकृती घड्याळ मनगटावरच पालथं घालता येतं. पेटी अंगठ्याने बाजूला सरकवायची, गर्रकन फिरवायची आणि परत दाबून बसवायची. खट् आवाज होतो, तबकडी आत जाते आणि धातूची पाठ वर येते. या करामतीचं मूळ थेट भारतात आहे. पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळात फुटत. सेझार द त्रे हा स्विस घड्याळ व्यापारी इथे आला असताना एकाने असं फुटकं घड्याळ त्याच्यापुढे धरलं आणि मार सोसेल असं काही बनवून दाखव म्हणाला, असं कंपनी सांगते. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडून देऊ. ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटसाठी झालेला अर्ज मात्र खरा. आराखडा रने-आल्फ्रेद शोव्होचा.

काच वाचली आणि वर एक कोरी पाठ फुकट मिळाली. कोरी जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतोच. कुणी तिथे आद्याक्षरं कोरून घेतली, कुणी घराण्याचं चिन्ह, तर काही हौशी गिऱ्हाइकांनी मीन्यातली चित्रं रंगवून घेतली. १९३०च्या दशकातल्या अशा एका रिव्हर्सोवर चक्क भारतीय सुंदरी आहे.

मीनाकाम आपल्या ओळखीचं ते दागिन्यांवरचं. त्यात कोरलेल्या खळग्यांत रंगीत काच भरून भाजतात. जिनिव्हाची तऱ्हा निराळी, तिथे मीन्याने चित्रच रंगवतात. सोळाव्या शतकात धर्मसुधारक काल्व्हिनच्या कडक धर्मशिस्तीत दागदागिन्यांवर बंधनं आली, तेव्हा तिथल्या सोनारांनी आपलं कसब घड्याळांकडे वळवलं. घड्याळ उपयोगाची वस्तू, त्यामुळे ते चाले! पुढे खिशातल्या घड्याळांच्या झाकणांवर मीन्यातली चित्रं आली आणि दूरदूर विकली गेली. तुर्की गिऱ्हाइकांसाठी फुलं आणि बॉस्फरसचे देखावे. चीनसाठी जोडीने घड्याळं, एकावरचं चित्र दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब.

मीना म्हणजे काचच. धातूंच्या ऑक्साइडांनी तिला रंग येतो: कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, आणि काही गुलाबी छटांसाठी तर चक्क सोनं लागतं. आधी धातूच्या पातळ पत्र्यावर पांढऱ्या मीन्याचे थर देऊन साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. मागच्या बाजूलाही मीना द्यावा लागतो, नाहीतर थंड होताना पत्रा वाकतो आणि काच तडकते. मग रंगीत काचेची मैद्यासारखी पूड तेलात घोटायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली, मोजक्या केसांच्या कुंचल्याने, बहुतेक ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र भरायचं. थोडं रंगवलं की भट्टी, पुन्हा थोडं रंगवलं की पुन्हा भट्टी. जास्त आच सोसणारे रंग आधी, नाजूक शेवटी. गंमत अशी की कुंचल्यावर दिसणारा रंग भट्टीतून तसाच बाहेर येत नाही. चित्रकाराला आज लावलेला रंग नाही, उद्या भाजून निघणारा रंग डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. शेवटी पारदर्शक काचेचा थर आणि घासून चकाकी.

घड्याळाचं चाक बिघडलं तर बदलता येतं. मीन्याच्या चित्रात मात्र दहाव्या भाजणीत बुडबुडा आला किंवा बारीक तडा गेला तर सहसा सगळं काम पहिल्यापासून. या घड्याळांच्या किमती ऐकून डोळे पांढरे होतात, पण मला तरी त्यातली ही जोखीमच सर्वांत महागाची वाटते.

मीन्यात चित्र रंगवण्याची ही विद्या जवळजवळ बुडाली होती. जेगर-लकूल्त्रच्याच ल सांतिए गावातल्या कारखान्यात मिक्लोश मेर्त्सेल हा घड्याळजी ती प्रयोग करत स्वतःच शिकला, आणि १९९६ साली चित्रकार अल्फोन्स मुखाच्या ऋतुचित्रांचे रिव्हर्सो निघाले. २०२१ साली जपानी चित्रकार होकुसाईच्या किरीफुरी धबधब्याच्या चित्राची पाळी आली. फक्त १० घड्याळं. जपानी ठसेचित्रात गडद निळ्यापासून फिकट निळ्यापर्यंतचा उतार ठोकळ्यावरची शाई पुसून साधतात. इथे तो काचेच्या कणांनी साधायचा, तोही टपाल तिकिटाएवढ्या जागेत.

वेळ पाहायची असेल तेव्हा अर्थातच तबकडी वर असते. त्या वेळी होकुसाईचा धबधबा पेटीखालच्या धातूच्या पाटाकडे तोंड करून अंधारात पडलेला असतो. समोर बसलेल्या माणसाला तो आहे याचा पत्ताही नसतो.