खाऱ्या वाऱ्यातली गाडी : ॲक्सिलरेटरची केबल आणि एसीची निगा

रायगडच्या किनाऱ्यावर गाडी ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. मांडव्यापासून थेट हरिहरेश्वरापर्यंत कितीतरी घरांची चूल गाडीच्या चाकांवर पेटते. कोणी जुन्या ओम्नीतून शाळेची मुले ने-आण करतो, कोणी मिनीडोअर चालवतो, तर कोणी शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना काशीद, मुरूड, दिवेआगर फिरवून आणतो. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. रस्त्यावर गाड्या वाढल्या, तसे आपल्या तरुणांच्या हातालाही काम मिळाले.

परंतु गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते, आणि पुष्कळदा ती दुसऱ्याची वापरलेली जुनी गाडी असते. ती चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की हप्ता चुकतो, मुलांच्या फीचे पैसे तिकडे वळवावे लागतात. म्हणून गाडीची निगा हा केवळ पुरुषमंडळींचा किंवा मिस्त्रीचा विषय नाही, तो घरखर्चाचा विषय आहे. आज दोनच गोष्टींची माहिती घेऊ. एक ॲक्सिलरेटरची केबल आणि दुसरी एसी. एक बिघडली तर जिवावर बेतते, दुसरी बिघडली तर खिशावर. शिवाय या दोहोंचे आपसांत एक नातेही आहे, ते पुढे पाहू.

खारा वारा काय करतो?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. लाटा फुटतात तेव्हा त्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर स्वार होऊन आत गावापर्यंत येतात. पाणी उडून जाते, मीठ पत्र्यावर बसते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंडावर ओला थर कायम राहतो. गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. गंज चढणे ही क्रिया विजेच्या सूक्ष्म प्रवाहानेच होत असल्यामुळे किनाऱ्यावर लोखंड लवकर खाल्ले जाते. ॲल्युमिनियमही यातून सुटत नाही. त्यावर पांढरी भुकटी येते आणि बारीक छिद्रे पडतात. त्यात जिल्ह्यात पडणारा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि पुळणीची बारीक वाळू. घाटमाथ्यावर दहा वर्षे टिकणारी वस्तू इथे निम्म्या काळात दगा देऊ शकते, हे ध्यानात ठेवूनच आपले वेळापत्रक आखावे.

केबलचे काम

आपण पायाने पेडल दाबतो आणि इंजिनाचा वेग वाढतो. या दोहोंमधला दुवा म्हणजे ही केबल. बाहेर नळीसारखे कवच आणि आत पोलादी तारांचा पीळ. पेडल दाबले की आतली तार ओढली जाते आणि इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची झडप उघडते. पाय उचलला की स्प्रिंग झडप मिटवते. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांत हीच केबल इंधनपंपाच्या दांडीला जोडलेली असते.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलेली मारुती ८००, तिची भावंडे ओम्नी आणि झेन, या साऱ्या केबलवर चालणाऱ्या गाड्या. बहुतेक नव्या गाड्यांत मात्र केबल नसते. पेडलजवळचा सेन्सर विजेचा संदेश पाठवतो आणि छोटी मोटर झडप उघडते. त्यात बिघाड झाला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तपासणी यंत्राशिवाय काही कळत नाही. पण आपल्याकडे सेकंडहँड गाड्या पुष्कळ, म्हणून केबलचे ज्ञान आजही उपयोगाचे आहे.

दहा मिनिटांची तपासणी

ही तपासणी महिन्यातून एकदा, इंजिन बंद असताना करावी. दोन माणसे लागतात. घरातील मोठा मुलगा किंवा मुलगी मदतीला घ्यावी, त्यांनाही शिकता येईल.

प्रथम पेडल दाबून एकदम सोडावे. ते चटकन वर आले पाहिजे. रेंगाळत आले किंवा मधे खरखर लागली तर समजावे की केबलच्या आत गंज किंवा वाळू शिरली आहे. पेडलखालची मॅटही पाहावी. पुष्कळदा केबल निर्दोष असते आणि सरकलेली जाड मॅटच पेडल धरून ठेवते.

मग बॉनेट उघडून एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने इंजिनाकडचे टोक पाहावे. झडप पूर्ण उघडते का, पाय काढल्यावर पूर्ण मिटते का, हे बघावे. तारेच्या टोकापाशी पिळातला एखादा पदर तुटून वर आला असेल तर केबल बदलायचीच. एक पदर तुटला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि तेही लवकर जातात. शिवाय तुटलेला पदर कवचात अडकून झडप उघडीच राहू शकते. पाय उचललेला असताना केबलमध्ये किंचित ढील असावी. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते.

केबल जड झाली की अनेक जण तेल सोडतात. साध्या जुन्या केबलला पातळ तेलाने तात्पुरता आराम पडतो. परंतु ज्या केबलच्या कवचाला आतून नायलॉनचे अस्तर असते तिला ग्रीस भरू नये. ग्रीसमध्ये वाळू मिसळली की तिचा लगदा होतो आणि केबल आणखी जड होते. आत गंज चढला असेल तर नवी केबल हाच उपाय. ती एसीच्या दुरुस्तीच्या मानाने फार स्वस्त असते. बसवताना कुठे तीव्र वाकणार नाही आणि तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपला टेकणार नाही, एवढे पाहून घ्यावे. नवी केबल टाकूनही पेडल जड राहिले तर दोष झडपेवर साचलेल्या काजळीचा असू शकतो. ती साफ करून घ्यावी.

रेस अडकली तर?

चालत्या गाडीत रेस अडकली तर घाबरून चावी काढू नये. चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होते. क्लच दाबावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा. पुन:पुन्हा दाबून सोडल्यास ब्रेकची मदत करणारी यंत्रणा दुबळी पडते. इंजिन मोठ्याने ओरडेल, ओरडू द्यावे. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली की मगच इंजिन बंद करावे. हे चार शब्द घरात जे जे गाडी चालवतात त्या सर्वांनी पाठ करून ठेवावेत. कार्लेखिंडीच्या उतारावर विचार करायला वेळ मिळत नाही.

एसी थंड कसा करतो?

एसी थंडी निर्माण करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एका बंद नळीत विशिष्ट वायू फिरत असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या जाळीत तो उष्णता सोडून द्रव होतो. मग बारीक वाटेतून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो आतल्या हवेची उष्णता शोषतो. माठातले पाणी झिरपून थंड होते, तत्त्व तेच. आज अनेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा वायू मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. म्हणूनच तो हातावर किंवा डोळ्यांत उडाला तर गंभीर इजा होते. एसीच्या नळ्या घरी कधीही उघडू नयेत.

किनाऱ्यावर सर्वांत आधी मार खातो तो कंडेन्सर. खारा वारा, वाळू, खडे सगळे त्याच्याच तोंडावर. त्याच्या पातळ पात्या खाल्ल्या गेल्या की थंडावा कमी होतो, नळीला छिद्र पडले की वायू निसटतो. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा हलका फवारा समोरच्या जाळीतून आणि गाडीच्या पोटाखाली मारावा. जोराची धार नको, पात्या वाकतात. आणि गाडी पुळणीवर ओल्या वाळूत घालू नये, पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी.

एसीसाठी केबल ताणू नका

आता त्या नात्याविषयी. कॉम्प्रेसर इंजिनाची शक्ती खातो. गाडी जागेवर उभी असताना एसी लावला की इंजिनाचा वेग पडू लागतो. तो सावरण्यासाठी एसीच्या गाडीत वेगळी सोय असते. जुन्या गाडीत बारीक रबरी नळीवर चालणारा पडदा झडप किंचित उघडतो, नव्या गाडीत हे काम संगणक करतो. ती रबरी नळी तडकली की एसी लावताच गाडी बंद पडते. काही ठिकाणी मग सोपा उपाय केला जातो : ॲक्सिलरेटरची केबल ताणून रेस वाढवून देतात. गिऱ्हाईक खूश होऊन जाते.

पण हा उपाय नव्हे, धोका आहे. ताणलेल्या केबलमुळे झडप कधीच पूर्ण मिटत नाही. एसी बंद असतानाही इंजिन पळत राहते, पेट्रोल जळते. उतारावर पाय काढला तरी इंजिन गाडीला आवरत नाही, सारा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. तेव्हा एसी लावल्यावर गाडी बंद पडत असेल तर मिस्त्रीला स्पष्ट सांगावे : नळी तपासा, झडप साफ करा, केबलला हात लावू नका.

“गॅस संपला” म्हणजे काय?

एसीचा वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी गळती असते. सांध्यापाशी तेलाचा डाग दिसला तर शंका तिथेच घ्यावी. गळती न शोधता दर उन्हाळ्यात वायू भरणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणे.

योग्य रीत अशी : गळती शोधून दुरुस्त करणे, पंपाने नळ्यांतील हवा आणि ओलावा ओढून घेणे, मग वजन करून वायू भरणे. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. आपल्या दमट हवेत पंप लावणे टाळलेच तर आत राहिलेला ओलावा गोठून वाट अडवतो आणि धातू खातो. स्वयंपाकाचा किंवा त्यासारखा ज्वालाग्राही वायू स्वस्तात भरून देतो असे कोणी म्हणाले तर तिथून निघावे. अपघातात तो पेट घेऊ शकतो. बिलावर वायूचे नाव आणि वजन लिहून घ्यावे, बदललेला जुना भाग परत मागावा. हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

जुना वायू हवेत सोडून देणेही बरे नव्हे. पूर्वीचा आर-१२ हा ओझोनचा थर विरळ करत असे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो सोडला, भारत १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक प्रभावी आहे. चांगल्या गॅरेजमध्ये तो ओढून साठवण्याचे यंत्र असते.

घरच्या मंडळींसाठी

उन्हात उभी असलेली गाडी आधी काचा उघडून दोन मिनिटे चालवावी, मग एसी लावावा. पावसाळ्यात काचेवर धुके धरते तेव्हाही एसी उपयोगी पडतो, कारण तो हवा कोरडी करतो. म्हणून पावसाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे तो चालवावा. आतले तेल फिरते आणि सील कोरडे पडत नाहीत. कुबट वास आला तर फिल्टर बदलावा. पायाशी पाणी साचले तर पाणी बाहेर जाण्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बंद गाडीत इंजिन व एसी चालू ठेवून झोपू नये. सायलेन्सरचा विषारी धूर आत शिरला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. लहान मुलांना बंद गाडीत क्षणभरही सोडू नये. पुरात बुडालेली गाडी तपासणीआधी सुरू करू नये, महाड-पोलादपूरच्या लोकांनी २००५ आणि २०२१ चे पूर पाहिलेले आहेत.

हातातले कसब

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने नव्या मालट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक करणारी अधिसूचना काढली. न्हावाशेव्याच्या बंदराकडे रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रकचालकाची केबिन हे त्याचे कामाचे ठिकाण आहे आणि तिथे त्याला माणसासारखे बसता आले पाहिजे, हे उशिरा का होईना मान्य झाले. हे एसी दुरुस्त कोण करणार? दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात. मुलींनाही त्यांची दारे खुली आहेत. गॅरेजसाठी भांडवल हवे असेल तर १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्जयोजनांची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी.

गाडी चालवता येणे ही एक पायरी झाली. ती उघडून, समजून, नीट करून पुन्हा रस्त्यावर आणता येणे ही पुढची. खाऱ्या वाऱ्याला कोणी थांबवू शकत नाही, पण येत्या रविवारी दहा मिनिटे काढून बॉनेट उघडणे आपल्या हातात आहे.